सोनेवाल्याच्या हॉटेलातली अदलाबदल

मला दोन मुलगे आहेत आणि दोघेही जर्मनीत आहेत. पुण्यात हे वाक्य कुणासमोर उच्चारलं की समोरचा माणूस जरा हेव्याने बघतो. त्यामुळे पुढचं वाक्य मी सहसा सांगत नाही. ते असं, की दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

थोरला मेकॅनिकल इंजिनियर. स्टुटगार्टला लागून गेर्लिंगेन आहे, तिथे राहतो. धाकटा सॉफ्टवेअरमध्ये, फ्रांकफुर्टजवळ बाड हॉम्बुर्गला. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर जाते. निम्मे दिवस एकाकडे, निम्मे दुसऱ्याकडे. मधल्या दिवशी माझी अदलाबदल होते. दोघांनाही एकमेकांच्या दारात पाय ठेवायचा नसतो, म्हणून ती रस्त्यात होते. पहिल्या खेपेला ती ऑटोबानवरच्या, म्हणजे तिथल्या हायवेवरच्या, एका पेट्रोल पंपावर झाली. थोरल्याने डिकीतून माझी बॅग काढून जमिनीवर ठेवली. धाकट्याने ती उचलून आपल्या डिकीत टाकली. मी एका गाडीतून उतरले आणि दुसरीत बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारी एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती, तिने मात्र आम्हा तिघांना नीट न्याहाळून घेतलं.

पुढच्या खेपेला मी फोनवरच सांगितलं, "पंपावर उतरवणार असाल तर मी येतच नाही. बसायला खुर्ची आणि प्यायला चहा असेल अशी जागा शोधा."

जागा धाकट्या सुनेने शोधली. नेकार नदीच्या काठचं एक छोटं गाव, दोघांच्या घरांच्या साधारण मध्यावर. त्या गावाच्या जुन्या भागात एक हॉटेल आहे. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेलेल्या एका माणसाने परत येऊन बांधलेलं. "अहो आई, तुम्हाला आवडेल," सून म्हणाली, "आत छोटं म्युझियमपण आहे." ती मनापासून म्हणाली असेल, पण मला ते ऐकून आणखीच चीड आली. माझी रवानगी करायची ती करायची, वर मला इतिहासही दाखवायचा.

त्या दिवशी थोरला आणि मी दोघेच निघालो. थोरल्या सुनेला कुठलासा टेर्मिन होता. तिथे डॉक्टरपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांच्या भेटीला टेर्मिन म्हणतात आणि तो कधी रद्द करता येत नाही. गाडीत थोरला काही बोलला नाही. दीड महिना त्याच्या घरी राहून आमचं बोलायचं तसंही संपलं होतं. माझ्या पोळ्यांच्या वासाने घराच्या भिंती खराब होतात असं त्याने आदल्या आठवड्यात मला समजावून सांगितलं होतं, तेव्हापासून मी ब्रेड खात होते आणि तो रोज विचारत होता की आई, तू पोळ्या का करत नाहीस.

जुन्या गावात गाड्या नेत नाहीत. पार्कहाउसमध्ये गाडी लावून आम्ही चालत निघालो. फरशी म्हणजे गोल गोल दगड बसवलेले, त्यावरून बॅगची चाकं असा आवाज करत होती की दोन खिडक्या उघडल्या आणि त्यातून माणसांनी खाली पाहिलं. कुणी हसलं नाही. थोरल्याने बॅग उचलून खांद्यावर घेतली आणि दात ओठ खात चालू लागला.

"कुठली जागा शोधलीय," तो म्हणाला.

"तुझ्या पेट्रोल पंपापेक्षा बरी आहे," मी म्हटलं.

हॉटेल चौकात होतं, बरोबर नगरपालिकेच्या जुन्या इमारतीसमोर. बाकी सगळी घरं लाकडी पट्ट्यांची, ठेंगणी, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. हे एकटं दगडाचं, चार मजली आणि उद्धट. दारावर नाव वेगळंच होतं, पण गावात त्याला सोनेवाल्याचं घरच म्हणतात, असं सुनेने सांगितलं होतं. दाराच्या वर एक दगडी तोंड कोरलेलं होतं, डोळे वटारलेलं आणि जीभ बाहेर काढलेलं. आपल्याकडे नव्या बांधकामावर काळी बाहुली उलटी टांगतात, तसा काही प्रकार असावा असं मला आधी वाटलं. पण बाहुली नुसती दृष्ट टाळते. हे तोंड सरळ समोरच्या इमारतीला वेडावत होतं.

आत काउंटरमागे माझ्याच वयाची एक बाई होती. करडा स्वेटर, गळ्यात साखळीने अडकवलेला चष्मा. तिने आधी बॅगेकडे पाहिलं, मग आमच्याकडे. थोरल्याने जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. तिने काहीतरी सांगितलं. थोरला "या, या", म्हणजे हो, हो, करत माझ्याकडे वळला.

"स्वयंपाकघर बंद झालंय. कॉफी मिळेल, केक मिळेल. चहा मिळेल पण दुधाचा नाही. आणि बॅग वाटेत ठेवायची नाही."

"तो आलाय का?"

"अजून नाही. स्टाऊमध्ये अडकलाय म्हणे." स्टाऊ म्हणजे तिथला ट्रॅफिक जॅम. मग खुर्चीत बसता बसता तो म्हणाला, "तो उशिराच येणार. त्याला सवय आहे."

ही साधी कुरकुर नव्हती, हे आमच्या घरातल्या कुणालाही कळलं असतं. त्याचं कारण सांगते.

यांना जाऊन आता चार वर्षं झाली. सकाळी फिरायला गेले आणि परत आले नाहीत. त्या आठवड्यात थोरला ऑफिसच्या कामाने पुण्यातच होता. धाकटा जर्मनीत होता. मिळेल ते विमान पकडून तो निघाला, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होता. घरात दीर, शेजारी, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे म्हणू लागले की रात्रभर ठेवणं बरं नाही. संध्याकाळी वैकुंठ स्मशानभूमीत नेलं. थोरल्याने अग्नी दिला. धाकटा सकाळी दारात आला तेव्हा घर धुऊन झालं होतं आणि यांच्या खुर्चीवर कुणीतरी वाळत घातलेला पंचा होता. धाकट्याने बॅग खाली ठेवली नाही. "मी विमानात आहे हे माहीत असून तू थांबला नाहीस," एवढंच तो भावाला म्हणाला. ते त्यांचं शेवटचं धड बोलणं. तेराव्यापर्यंत दोघे एकाच घरात दोन खोल्यांत राहिले आणि दोन वेगवेगळ्या विमानांनी परत गेले.

वाट पाहायची होती म्हणून मी उठले आणि म्युझियम म्हणवणारी ती खोली बघायला गेले. खोली कसली, जिन्याखालची अडगळच. काचेमागे एक पसरट पत्र्याचं घमेलं, एक कुदळ, एक पेटी आणि एका माणसाचा फोटो. माणूस फोटोतसुद्धा रागावलेला. काउंटरची बाई मागे येऊन उभी राहिली. मी काचेला हात लावीन अशी तिला भीती असावी. मग कदाचित रोजच्या सवयीने ती बोलू लागली, जर्मनमध्ये, बराच वेळ. थोरला दारात उभा राहून मोबाइल बघत होता.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"हा माणूस अमेरिकेला गेला, सोनं मिळालं, परत आला, हॉटेल बांधलं."

"ती एवढं बोलली आणि तू एवढंच सांगतोस?"

"बाकीचं काही महत्त्वाचं नव्हतं, आई."

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले होते आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. परदेशचे कॉल लावता लावता माझं इंग्रजी चांगलं तासून निघालेलं आहे. मी सरळ बाईला इंग्रजीत विचारलं की त्याला गाव सोडून का जावं लागलं. मग तिनेही इंग्रजीत सांगितलं, शब्द मोजून, शाळेत पाठ केल्यासारखं.

गावाने त्याला हाकललं होतं. त्या काळी गावातल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी गावावर असे. गावाने हिशेब केला की यांना जन्मभर पोसण्यापेक्षा एकदाच बोटीचं भाडं देऊन अमेरिकेला धाडलेलं बरं. असं बऱ्याच गावांनी केलं, ती म्हणाली, आमचंच गाव वाईट होतं असं नाही. त्या माणसाला आणि त्याच्या आईला असंच पाठवलं. आई वाटेत बोटीवरच वारली. तो पुढे गेला, त्याला सोनं मिळालं, आणि केस पांढरे झाल्यावर तो परत आला. समोरच्या नगरपालिकेत त्याला घालवण्याचा ठराव झाला होता. त्याने तिच्यासमोरच जागा घेतली आणि एवढी उंच इमारत उठवली की सभेच्या खोलीत भर दुपारी दिवे लावावे लागत. वर ते जीभ काढलेलं तोंड बसवलं. आणि गावातल्या एकाही माणसाला मरेपर्यंत आत घेतलं नाही. सगळी गिऱ्हाइकं बाहेरगावची.

"चांगला माणूस नव्हता तो," बाई म्हणाली. "माझ्या आजोबांचे आजोबा त्या सभेत बसायचे."

"गाव तरी कुठे चांगलं होतं?" मी म्हटलं.

तिला ते आवडलं नाही. "पाच वर्षं इथे राहून मग बोला," असं काहीतरी म्हणून ती काउंटरवर परत गेली. थोरल्याला मात्र तिचं बोलणं पटलेलं दिसलं. "कशाला वाद घालतेस, आई," तो म्हणाला. "आपण पाहुणे आहोत."

"तू इथला पाहुणा आहेस की नाही ते तू ठरव. मी तर पार्सल आहे."

तेवढ्यात धाकटा आणि धाकटी सून आले. धाकट्याने मला वाकून नमस्कार केला, भावाच्या बाजूची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसला. सून मधे बसली. बिचारीला नेहमी मधेच बसावं लागतं. कॉफी आली. कुणीच केक मागवला नाही.

मग माझा ताबा देण्याचं काम सुरू झालं.

"आई, त्याला सांग, तुझ्या बीपीच्या गोळ्या निळ्या पिशवीत आहेत," थोरला म्हणाला.

धाकटा समोरच बसला होता. "आई, त्याला सांग, मला ऐकू येतं."

"इन्शुरन्सचे कागद बॅगेच्या वरच्या कप्प्यात. आणि एअरपोर्टला तूच सोड. मला त्या आठवड्यात जमणार नाही," थोरला आता भिंतीकडे बघत बोलला.

"ठरलं होतं की तू सोडणार."

"ठरलं होतं. आता नाही जमत."

"साहजिक आहे," धाकटा म्हणाला. "तुला कधी थांबता आलंय? बाबांसाठी नाही थांबलास, आईसाठी कुठून थांबणार?"

थोरल्याने कप बशीत ठेवला, आणि चार वर्षं कोंडलेलं सगळं बाहेर आलं. आवाज चढला. थोरला म्हणाला की लोक माझ्या डोक्यावर बसले होते, निर्णय मी एकट्याने घेतला, तू तिकडे विमानात सिनेमा बघत होतास. धाकटा म्हणाला की मी अख्ख्या प्रवासात पाणी प्यायलो नव्हतो, आणि तुला अग्नी द्यायचा मान एकट्याला हवा होता. सून म्हणाली, "अहो, इथे नको ना," तर थोरला तिला म्हणाला, "तू यात पडू नकोस." मग धाकटा उभा राहिला. थोरलाही उभा राहिला. दोघांच्या कपाळावर यांच्यासारखीच शीर उभी राहिली होती, आणि मला एका क्षणी वाटलं की हे आता इथे, या परक्या गावात, मारामारी करणार.

काउंटरची बाई आली. ती आवाज न चढवता दोनच वाक्यं बोलली, पण त्यातली घृणा कळायला भाषा लागत नव्हती. पलीकडच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं वाटाण्याचं सूप पीत बसलं होतं. आम्हाला नाही म्हटलेलं स्वयंपाकघर त्यांच्यासाठी उघडं होतं. ते चमचे खाली ठेवून आमच्याकडे बघत होते.

"आता दोघांनी माझं ऐका," मी म्हटलं. "चार वर्षं तुम्ही दोघं भांडताय, तो थांबला नाही आणि हा पोचला नाही. माणूस कुणाचा गेला होता? त्या दिवशी मला आतल्या खोलीत बायकांमध्ये बसवलं. कुणीतरी झोपेची गोळी दिली. थांबायचं की न्यायचं, हे माझ्याशिवाय घरातल्या प्रत्येकाने ठरवलं. तू मला विचारलं नाहीस. आणि तू सकाळी आलास, भावाशी भांडलास, पण आई तुझं काय मत होतं, हे तू आजतागायत विचारलेलं नाहीस."

थोरला म्हणाला, "आई, तमाशा नको."

"तमाशा तुम्ही केलात. मी नुसती बघायला बसले होते."

मी उठले आणि काउंटरवर गेले. आवाज एक्स्चेंजमधलाच लागला. "तुमच्याकडे खोली आहे का?" मी इंग्रजीत विचारलं.

बाईने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "किती जणांसाठी?"

"एका."

"पासपोर्ट."

पासपोर्ट थोरल्याकडे होता. मी जर्मनीत उतरले की तो माझा पासपोर्ट आपल्या फाइलमध्ये ठेवतो, हरवेल म्हणून. मी हात पुढे केला. तो म्हणाला, "आई, वेडेपणा करू नकोस, तुला इथली भाषा येत नाही, काही झालं तर?" मी हात तसाच ठेवला. सून पुढे झाली आणि म्हणाली, "द्या तुम्ही त्यांना." तिला थोरल्याशी एवढ्या तुटक स्वरात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्याने पासपोर्ट दिला. मी माझं कार्ड दिलं. बाईने किल्ली ठेवली, खरीखुरी लोखंडी किल्ली, आणि नियम सांगितले. खोलीत खाणं नाही. संध्याकाळनंतर नळ मोठा सोडायचा नाही. जिन्यात बोलायचं नाही.

"मला जिन्यात बोलायला कुणी नाही," मी म्हटलं.

धाकट्याने बॅग वर पोचवायला घेतली. मी त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि दोन-दोन पायऱ्यांवर टेकत वर नेली. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित परत आले असते, आणि मला परत यायचं नव्हतं.

खोली उतरत्या छपराची होती. एक पलंग, एक खुर्ची, आणि खिडकीतून समोरच्या नगरपालिकेच्या खिडक्या. मी पलंगावर बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. नुसता राग होता, स्वच्छ, कुठेही न गढुळलेला. मुलांचा राग, त्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा राग, गोळी देणाऱ्या हाताचा राग. यांचाही राग आला, न सांगता गेले म्हणून. हे सगळं मी चार वर्षं पोळपाटाखाली दाबून ठेवलं होतं आणि दोन्ही घरांत नातवंडांसमोर हसत होते.

मग भूक लागली. खोलीत खायचं नाही म्हणून मी पिशवीतला चिवडा घेऊन बाहेर पडले आणि देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, पायरीवर बसून खाल्ला. एक गृहस्थ काठी टेकत आले आणि मला बोटाने पायरीवरून उठायला खुणावू लागले. जर्मनमध्ये बरंच बोलले. एरवी मी लगेच उठले असते. त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघत मूठभर चिवडा तोंडात टाकला आणि शांतपणे चावला. ते आणखी थोडं बोलून गेले. नंतर मी नदीपर्यंत चालत गेले, दिवेलागणीच्या आत परत आले आणि दार लावून झोपले. अनेक महिन्यांत लागली नव्हती इतकी गाढ झोप लागली.

सकाळी खाली नाश्त्याला गेले तर काउंटरची बाई कॉफीचं भांडं घेऊन दारातच उभी होती. "तुमचे मुलगे आत आहेत," ती म्हणाली. "दोघांना वेगवेगळ्या टोकाला बसवलंय. एक गाडीत झोपला. दुसरा पुलापलीकडच्या लॉजमध्ये. तुम्ही कुठे बसणार?"

म्हणजे कुणीच गेलं नव्हतं. माझ्या काळजीने राहिले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण आत गेल्यावर मला दोघांचे चेहरे दिसले आणि कळलं की ते एकमेकांमुळे राहिले होते. आधी निघेल तो आईला सोडून गेला, असं दुसरा आयुष्यभर म्हणणार होता. थोरल्याचा शर्ट चुरगळला होता आणि गालावर सीटबेल्टचा वळ होता.

मी खिडकीजवळच्या टेबलावर बसले आणि दोघांना बोलावलं. दोघे आले. सून तिच्या जागी बसून राहिली. तिने शहाणपणा केला.

"मी आज बाड हॉम्बुर्गला जाणार, ठरल्याप्रमाणे," मी म्हटलं. "पण ट्रेनने, आणि एकटी. इथून पुढे मला कुणी कुणाच्या हातात द्यायचं नाही. आणि याला सांग, त्याला सांग, हे बंद. ज्याला जे सांगायचं ते त्याने सांगावं, नाहीतर गिळावं."

धाकटा म्हणाला, "आई, सॉरी." थोरल्याने चमचा बाजूला सारला. मग त्याने विचारलं, "आई, तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? थांबली असतीस?"

धाकट्याने मान वर केली. दोघे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि दोघांनाही उत्तर हवं होतं. ते इतकं हवं होतं की त्यांचे श्वास मला ऐकू येत होते.

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं. "सांगितलं की तुमच्यातला एक जिंकेल. मला कुणालाच जिंकू द्यायचं नाही."

थोरल्याचा चेहरा पडला. धाकट्याचाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला उत्तर नेमकं माहीत आहे, आजही माहीत आहे, आणि ते माझं आहे. त्या दिवसातलं तेवढंच माझ्या वाट्याला आलं.

वाटेत खायला म्हणून मी दोन पाव आणि एक उकडलेलं अंडं रुमालात बांधलं. टेबलावर एक पाटी होती, नाश्ता बरोबर नेऊ नये अशी. बाईने पाटीवर टकटक केलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या दोन्ही बाजूंच्या दोन लांब तोंडांकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

स्टेशनपर्यंत बॅग मी ओढली. तोच खडखडाट, त्याच खिडक्या. मुलगे मागून चालत होते, एक रस्त्याच्या या कडेने, एक त्या कडेने, आणि सून माझ्याबरोबर. प्लॅटफॉर्मवर धाकटा मला फ्रांकफुर्टला कुठून कुठे जायचं ते तिसऱ्यांदा सांगू लागला. मी म्हटलं, "मी आयुष्यभर ट्रंक कॉल लावलेत. मला एक गाडी बदलता येईल." गाडी सुटली तेव्हा तिघे उभे होते. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला हात हलवत होते.

मला गाडी नीट बदलता आली. एस-बान, म्हणजे तिथली लोकल, चुकली, पुढची मिळाली. बाड हॉम्बुर्गला धाकटा आधीच येऊन उभा होता. त्याने बॅगेला हात लावण्याआधी विचारलं, "घेऊ का?" मी म्हटलं, "घे."

याने सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. थोरल्याने पुढचा महिनाभर मला फोन केला नाही. एअरपोर्टला मला धाकट्याने सोडलं, आणि थोरला तिथे आला नाही. पुण्यात परत आल्यावर त्याचा फोन आला तो रविवारी, नेहमीच्या वेळेला, आणि हवामानापासून सुरू झाला. ते हॉटेल, तो प्रश्न, यावर तो अजून बोललेला नाही. माझ्या दिरांना मात्र कुणाकडून तरी कळलं, आणि परदेशात जाऊन मी मुलांची अब्रू घालवली असं त्यांनी एका लग्नात मला ऐकवलं. मी त्यांना विचारलं की त्या संध्याकाळी घाई कुणाला झाली होती. ते जेवणाच्या रांगेत निघून गेले. तेव्हापासून तेही माझ्याशी बोलत नाहीत. मला त्यांची उणीव भासत नाही.

यंदा दोन्ही मुलांनी वेगवेगळे फोन करून व्हिसाचं विचारलं. मी म्हटलं, यंदा मी येत नाही, तुम्ही या. दोघांना एकच आठवडा सांगितला आहे. घरात पाहुण्यांची खोली एकच, तीही लहान. थोरला म्हणाला, बघतो. धाकटा म्हणाला, बघतो. आज ऊन चांगलं होतं, मी गाद्या गच्चीत टाकून आले.